नाकाबंदीत गाडी कशी थांबवायची, आणि शर्यतीचा दंड भरून प्रकरण का मिटत नाही

माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पक्क्या लायसनच्या परीक्षेआधी मी प्रत्येकाकडून एक सराव करून घेते. मैदानाच्या एका टोकाला दोन प्लास्टिकचे कोन ठेवते, हातात लाल टॉर्च घेते आणि समोरून गाडी आली की हात दाखवते. मुलं दचकतात. कुणी करकचून ब्रेक मारतं, कुणी माझ्या पायाशी आणून गाडी बंद पाडतं. एकानं तर जागच्या जागी वळवून मैदानाबाहेर काढली होती. आरटीओच्या परीक्षेत हे विचारत नाहीत. तरी चौदा वर्षं मी हा सराव सोडलेला नाही.

त्याला कारण माझाच एक विद्यार्थी. लायसन हातात येऊन आठवडा झाला असेल. संध्याकाळी मुंबई-आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडनं नाशिकात शिरताना त्याला पुढे नाकाबंदी दिसली आणि आठवलं की पीयूसीचा, म्हणजे धूर तपासणीचा, कागद घरी राहिलाय. त्यानं बाईक वळवली आणि उलट्या दिशेनं सुटला. समोरून मालाचा टेम्पो येत होता. खांद्याचं हाड मोडलं, हनुवटीला टाके पडले. दवाखान्यात त्याच्या आईनं मला विचारलं, "मॅडम, एवढं काय होतं हो त्या कागदात?"

काहीच नव्हतं. पीयूसी काढलेली होती, मुदतीत होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ सांगतो की मागितलेला कागद त्या क्षणी जवळ नसेल, तर तो दाखवायला १५ दिवस मिळतात. पंधरा दिवस! हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. क्लच कुठं सोडायचा, चढावर गाडी कशी धरायची, सगळं शिकवलं, हे राहिलं. तेव्हापासून पुढचं सगळं प्रत्येक मुलाला सांगते. आता इथे लिहून ठेवते.

हात दिसला की

पहिली गोष्ट, ॲक्सिलेटर सोडा. ब्रेक नंतर. मागे कोण आहे हे आरशात बघितल्याशिवाय ब्रेक दाबला तर मागचा तुमच्यावर येतो, आणि नाकाबंदीच्या ठिकाणी मागचाही बॅरिकेडकडेच बघत असतो. आरसा, डावा इंडिकेटर, गिअर खाली, आणि हात जिथे दाखवतोय तिथे कडेला. पोलिसाच्या अगदी पुढ्यात नेऊन थांबू नका, चारेक पावलं अंतर ठेवा. अंगावर येणारी गाडी थांबणार आहे की नाही, हे समोरच्या माणसाला शेवटपर्यंत कळत नसतं. रात्रपाळीच्या एका हवालदारांनी मला सांगितलं होतं, "ताई, आम्ही आधी चाकाकडं बघतो, मग चेहऱ्याकडं." चाक कडेला वळताना दिसलं की अर्धा ताण तिथेच जातो.

दुचाकी असेल तर न्यूट्रल, स्टँड, चावी बंद, हेल्मेटची काच वर. मागं बसलेल्यानं आधी उतरायचं. चारचाकी असेल तर हॅझर्ड लावा, काच पूर्ण खाली करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा. गाणी बंद. सांगितल्याशिवाय दार उघडून उतरू नका, कारण आपल्याकडे ड्रायव्हरचं दार वाहत्या रस्त्याकडे उघडतं. नाकाबंदीत थांबलेल्या गाडीचं दार मागून येणाऱ्या दुचाकीला लागलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. मोबाईल कानाला असेल तर कॉल तोडा. "एक मिनिट हां, फोनवर आहे" हे वाक्य मी मैदानावरच्या सरावातही खपवून घेत नाही.

मग म्हणायचं, "नमस्कार साहेब, बोला." महिला पोलीस असतील तर "मॅडम". एवढंच. "मी काय केलं?" नको, "मामा नगरसेवक आहेत" तर अजिबात नको.

थांबवणारा माणूस गणवेशात असायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० मध्ये लायसन मागण्याचा हक्क गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला दिलाय. साध्या कपड्यातला कुणी निर्जन रस्त्यावर हात करत असेल आणि तुम्हाला शंका येत असेल, तर हॅझर्ड लावा, वेग अगदी कमी ठेवा, पुढच्या उजेडातल्या पेट्रोल पंपावर थांबा आणि ११२ ला फोन करून सांगा की मी इथे थांबलोय, मला अशा अशा माणसानं अडवलं. मुलींनी तर हे नक्की करावं. पण बॅरिकेड आहे, गणवेश आहे, पोलिसांची गाडी उभी आहे, तिथे शंकेचं निमित्त करून पुढे जाऊ नका. पोलिसांचा कायदेशीर आदेश न पाळणं हा कलम १७९ खाली वेगळा गुन्हा आहे, दंड २,००० रुपयांपर्यंत.

आणि गाडी वळवून उलट दिशेनं पळणं? हेल्मेटच्या चलानातून सुटायला मुलं हे करतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात, वाहतुकीच्या विरुद्ध दिशेनं चालवणं स्पष्ट शब्दांत लिहिलंय. त्याची पहिल्या वेळची शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. हेल्मेट चुकवायला निघालेला मुलगा कैदेची तरतूद असलेल्या कलमात स्वतःहून चालत जातो.

कागद

लायसन, आरसी, विमा, पीयूसी. चारही डिजीलॉकरमध्ये किंवा एमपरिवहन ॲपमध्ये टाकून ठेवा. २०१८ पासून नियमातच आहे की कागद प्रत्यक्ष किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतात. इथे मुलांची एक चूक कायम होते. लायसनचा फोटो काढून गॅलरीत ठेवतात आणि तो पुढे करतात. तो फोटो म्हणजे कागद नव्हे. ॲप उघडून त्यातलाच कागद दाखवायचा, कारण त्याची सरकारी नोंदीशी पडताळणी होते. रेंज नसते अशा ठिकाणी नेहमी जात असाल तर आरसी आणि लायसनची कार्डं जवळ ठेवलेली बरी. खरंच काही घरी राहिलं असेल तर तसं सांगा: "साहेब, पीयूसी काढलेली आहे, घरी आहे, मुदतीत आणून दाखवतो."

दंड लागला तर मशीनवर कुठलं कलम पडतंय ते विचारा. विचारणं हा उद्धटपणा नाही, फक्त आवाज खाली असू द्या. चलान ई-मशीनवरच होतं, मोबाईलवर मेसेज येतो. पैसे तिथेच भरलेच पाहिजेत असं नाही, नंतर ऑनलाइनही भरता येतात. चलान चुकीचं वाटत असेल तर रस्त्यात वाद घालू नका आणि घाईनं पैसेही भरू नका. फोटो, वेळ, जागा, नंबरप्लेट नीट बघा. राज्याच्या ई-चलान यंत्रणेत तक्रार नोंदवायची सोय आहे, आणि न्यायालयात म्हणणं मांडायचा हक्क तर आहेच. माझ्या एका विद्यार्थिनीच्या स्कुटीवर कुणा दुसऱ्याच गाडीचं चलान आलं होतं. फोटोतला नंबर ३ होता की ८, एवढाच प्रश्न होता. तिनं आरसी जोडून तक्रार केली, चलान रद्द झालं.

पावतीशिवाय पैसे कुणी मागितले तर देऊ नका, आणि आपण होऊन "साहेब, बघा ना काहीतरी" असं तर कधीच म्हणू नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ नंतर लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो. मागणी झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे.

चावीबद्दल मुलं फार विचारतात. चावी ओढून काढून घ्या, असं मोटार वाहन कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पण कुणी काढलीच तर हिसकाहिसकी करू नका. छातीवरच्या पट्टीवरचं नाव, वेळ, जागा लक्षात ठेवा आणि वरिष्ठांकडे लेखी तक्रार द्या. हात झटकला, ढकललं, की प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ वर जातं, सरकारी कर्मचाऱ्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळाचा वापर. ते अजामीनपात्र आहे. चावीचा मुद्दा तुमच्या बाजूचा होता, तो त्या एका धक्क्यात गेला.

दारूबद्दल एकच ओळ: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि फुंकर मारायला नकार देऊन यातून सुटका होत नाही.

रेस कशाला म्हणतात

आता ज्यासाठी मी मुख्यतः हे लिहायला बसले ते. गंगापूर रोडला रात्री अकरानंतर उभं राहा, किंवा रविवारी पहाटे शहराबाहेर पडणाऱ्या कुठल्याही मोठ्या रस्त्याला. दोन गाड्या सिग्नलला शेजारी येतात, एक पिळतो, दुसरा पिळतो, दिवा हिरवा होतो आणि पुढच्या सिग्नलपर्यंत सुसाट. मुलांच्या लेखी ही रेस नसते. रेस म्हणजे पैसे लावलेली, ठरवून केलेली, झेंडा वगैरे असलेली. "आम्ही असंच जरा पळवली, मॅडम."

मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ वाचा. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय, सार्वजनिक ठिकाणी, मोटार वाहनांमध्ये कुठल्याही प्रकारची शर्यत किंवा वेगाची चाचणी. "कुठल्याही प्रकारची" हे शब्द आहेत. पैसे लावले की नाही, आधी ठरलं होतं की नाही, प्रेक्षक होते की नाही, याचा उल्लेख नाही. पैसे लावले असतील तर जुगारबंदीचा कायदा वरून येतो. आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे अशी कुठलीही जागा, मग तो वाहतुकीचा रस्ता असो वा नसो.

त्याच कलमात दोन क्रियापदं आहेत: भाग घेणारा आणि परवानगी देणारा. म्हणजे "घेऊन जा माझी गाडी, लाव त्याच्याशी" असं म्हणणारा मालकही आत आला.

शिक्षा पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी एक वर्षापर्यंत कैद, किंवा १०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या आधी पहिल्या वेळेला एक महिना आणि ५०० रुपये होते. बरीच वडीलधारी माणसं अजून त्या ५०० रुपयांच्या हिशोबात बोलतात.

मोबाईलवर शूटिंग करणारा आणि मागे बसून "खेच खेच" करणारा मुलगा स्वतःला यातून बाहेर समजतो. कलम १८८ नुसार धोकादायक वाहन चालवायला चिथावणी देणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. रेस लागली की १८९ च्या जोडीला १८४ लागतंच असं समजून चाला. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, बेदरकारपणे वाहन चालवणं, तेही लागू शकतं. मोटार वाहन कायद्याखाली कारवाई झाली म्हणून फौजदारी संहितेखाली होणार नाही असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. कुणाचा जीव गेला तर न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद. परिस्थिती त्याहून गंभीर दिसली तर पोलीस सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लावतात, आणि तिथे जामीन सहज मिळत नाही.

पावतीचा कागद

मागच्या दिवाळीनंतर एक मुलगा आईला घेऊन ऑफिसात आला. बाईक माझ्याकडेच शिकलेला, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. खिशातून त्यानं प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद काढला. चार घड्या घातलेला, घड्यांवर शाई पुसट झालेली. लायसन जप्त केल्याची पोच. सिग्नल ते सिग्नल पळवताना दोघांना पकडलं होतं. त्यानं तडजोडीची रक्कम, म्हणजे खटल्याऐवजी गुन्हा मिटवायचे पैसे, त्याच दिवशी भरली. आणि आता परवाना अधिकाऱ्याकडून नोटीस आली होती, लायसन का निलंबित करू नये याचं उत्तर द्या म्हणून.

आई म्हणाली, "मॅडम, पैसे तर भरले ना यानं? मग परत कशाला?"

मी तिला ओळ ओळ वाचून दाखवलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ चं चौथं पोटकलम. वेगमर्यादा तोडणं, धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं, शर्यत, हेल्मेट नसणं, तिघं बसणं, अशा काही ठरावीक गुन्ह्यांत पोलिसांनी लायसन जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं. पुढे कलम १९ खाली निलंबन किंवा रद्द करण्याची कार्यवाही. आणि कलम २०० मध्ये, जिथे तडजोडीनं गुन्हा मिटवायची सोय आहे, तिथेच लिहिलंय की पैसे भरल्यानं ही लायसनची कार्यवाही थांबत नाही. एवढंच नव्हे, तडजोडीनं मिटवलेला गुन्हासुद्धा आधीचा गुन्हा म्हणूनच मोजला जातो. पुढच्या वेळी तोच सापडला तर ती दुसरी वेळ, शिक्षा एक वर्षापर्यंतची. आणि १८४ लागलं असेल तर ते मोबाईल हातात धरण्यापुरतंच तडजोडीनं मिटतं, बाकी सगळं न्यायालयात.

मग मी त्याला विचारलं, "कॉलेजला कसा जातोस सध्या?"

"बाईकवर. पावती आहे ना मॅडम."

अकरा दिवस तो त्या पोचेवर बाईक चालवत होता. प्लास्टिकच्या पाकिटात घालून, जपून, कुणी थांबवलं तर दाखवायला. माझ्या पोटात गोळा आला. त्याच पोटकलमात लिहिलंय की ही पोच लायसन परत मिळेपर्यंत गाडी चालवायचा अधिकार देत नाही. त्या अकरा दिवसांत कुणाला जरी धक्का लागला असता, तरी विनापरवाना चालवत होता असंच धरलं गेलं असतं. विम्याचं काय झालं असतं ते बोलायला नको. मी चावी मागून घेतली आणि आईच्या हातात दिली.

नोटिशीचं उत्तर आम्ही तिथेच बसून लिहिलं. अशी नोटीस आली तर घाबरून कपाटात टाकू नका. अधिकाऱ्यानं निर्णय घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, पण तुम्ही गेलाच नाहीत तर तो तुमच्याशिवाय निर्णय घेईल. उत्तर एका पानाचं पुरे. तारीख, चलान नंबर, काय झालं ते खरं खरं, आधी कुठलं चलान नसेल तर तसं, आणि तडजोड भरल्याची पावती सोबत. सुनावणीला वेळेवर जा, पालकांना न्या. त्या मुलाचं लायसन तीन महिन्यांसाठी गेलं. तीन महिने तो बसनं गेला. मला विचाराल तर कमीच झालं.

विम्याचं कुणी वाचत नाही, म्हणून सांगते. तुमच्या पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" असा एक परिच्छेद असतो. त्यात संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी केलेला वापर वगळलेला असतो. कायद्याच्या कलम १५० मध्येही विमा कंपनीला हा बचाव दिलाय. तिघं-चौघं ठरवून जमले, व्हिडिओत सगळं दिसतंय, आणि रस्ता ओलांडणाऱ्या कुणाचा पाय मोडला, तर कंपनी हा मुद्दा काढणारच. आणि मग भरपाईची रक्कम तुमच्या वडिलांच्या फंडातून, शेतातून जाते.

अठराच्या आतली मुलं

"मॅडम, फक्त घर ते क्लास. मेन रोडला जातच नाही." हे वडील माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी येतात, वेगवेगळ्या चेहऱ्यांनी. सोळा ते अठरा वयात फक्त ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल चालवता येते, तीही लायसन घेऊन. रस्त्यावर दिसणाऱ्या नेहमीच्या स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठ्या आहेत.

कलम १९९अ नीट समजून घ्या. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करायची जबाबदारी पालकावर आहे, पोलिसांवर नाही. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनीअर गेले, तेव्हा वडिलांनाही अटक झाली. त्यानंतर काही आठवडे माझ्याकडे "घर ते क्लास" म्हणणारं कुणी आलं नाही. मग परत यायला लागले.

शेजारी कुणी पिळायला लागला तर

हे मी मैदानावर शिकवते, कारण सांगून उपयोग नाही. सिग्नलला तुमच्या शेजारी येऊन कुणी ॲक्सिलेटर पिळतोय, तुमच्याकडे बघतोय. न्यूट्रलमध्येच राहा. दिवा हिरवा झाल्यावर मनात एक-दोन मोजा आणि मग पहिला गिअर टाका. तेवढ्यात तो पन्नास फूट पुढे गेलेला असतो, आणि रेस लागायला दोघं लागतात. डावी लेन धरा. पाठीवर कुणी बसलेलं असेल आणि तेच डिवचत असेल, तर पुढच्या थांब्यावर त्याला उतरवा. खरंच उतरवा, नुसतं बोलू नका.

ग्रुपनं राईडला जाणं हा गुन्हा नाही, मलाही आवडतं. पण निघण्याआधी पुढे कोण आणि शेवटी कोण हे ठरवा, तिरप्या रांगेत चाला, ओव्हरटेक आपसांत बंद. कुणी वेग काढायला लागला तर त्याच्या मागे जाऊन त्याला "आवरायला" जाऊ नका. कॅमेऱ्यात दोन गाड्या पळताना दिसतात, आवरणारा कोण ते दिसत नाही.

ताशी १०० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. समोर काही दिसलं, डोक्यात शिरलं, हात ब्रेकवर गेला, यात तो एक सेकंद जातो. पुढे कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकनं थांबायला साधारण ५५ मीटर. मैदानावर मी ८३ मीटर मोजून दोन कोन ठेवते आणि मुलांना चालत जायला सांगते. लांबच्या कोनाजवळ पोचेपर्यंत कुणी बोलत नाही.

सायलेन्सर कापलेल्या गाडीबद्दल थोडक्यात. कंपनीनं दिलेल्या गाडीत परवानगी नसलेला बदल केला की कलम १८२अ, प्रत्येक बदलाला ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. आवाजाची मर्यादा तोडली की कलम १९०, १०,००० पर्यंत दंड आणि तीन महिने लायसन अपात्र. गॅरेजवाला "काही होत नाही" म्हणतो, पण चलान त्याच्या नावावर येत नसतं.

आणि पकडलाच गेलात तर

थांबा. पळणाऱ्या बाईकचे बहुतेक अपघात पळतानाच होतात. नाव-पत्ता खरा सांगा. खोटा सांगितलात किंवा सांगायला नकार दिलात तर त्याच कारणानं अटक होऊ शकते. कलम १८४ चा गुन्हा गणवेशातल्या पोलिसासमोर घडला असेल तर तो वॉरंटशिवायही अटक करू शकतो. मोबाईलमधले व्हिडिओ पुसू नका, पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

अटक झाली तर कारण विचारा, ते सांगणं पोलिसांना बंधनकारक आहे. घरच्यांना कळवायचा तुमचा हक्क आहे, वकिलाशी बोलायचाही. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. १८४ आणि १८९ जामीनपात्र आहेत, त्यामुळे घरच्यांना फोन करताना रडू नका, फक्त पोलीस ठाण्याचं नाव नीट सांगा. कोऱ्या कागदावर सही नको, लिहिलेला कागद वाचल्याशिवाय नको. "कोण कोण होतं, कोण जिंकलं" याचं उत्तर वकील आल्यावर देईन, असं शांतपणे म्हणता येतं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती राज्यघटनेच्या कलम २० नं कुणावरच करता येत नाही.

वेगाची खरीच ओढ असेल तर ती वाईट नाही. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा स्पर्धक परवाना काढला. कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे, ग्रेटर नोएडात २०११ साली सुरू झालेलं बुद्ध सर्किट आहे. लांब आहेत, खर्च आहे, पण तिथे समोरून टेम्पो येत नाही आणि कडेला रुग्णवाहिका उभी असते. त्या दोघांतला एक मला म्हणाला, ट्रॅकवर पहिल्या दिवशी नुसते झेंड्यांचे अर्थच शिकवले, आणि लाल झेंडा दिसला की हात वर करून वेग कमी करायचा, हे पाठ करून घेतलं.

दर रविवारी सकाळी सातला आम्ही मैदानावर असतो. जुने विद्यार्थी आले तरी चालतात, सराव फुकट आहे. येताना चारही कागद डिजीलॉकरमध्ये टाकून या. टॉर्च दाखवून थांबवल्यावर मी ते मागणार आहे.